पाश्चात्यांनीं रंगविलेला जपान

आजच्या विषयाला मी १९०४ सालच्या फेब्रुवारी महिन्यांतील दोन रात्रींपासून आरंभ करतों. त्या महिन्याच्या ८ तारखेस रात्रीं जपानी आरमाराच्या टॉर्पेडो-नौकांनीं पोर्ट आर्थर बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन युद्धनौकांवर अचानक हल्ला चढविला, आणि आशिया खंडांतील एका राष्ट्रानें युरोपांतील एका बलाढ्य साम्राज्याशीं युद्ध सुरू केलें. त्यानंतर नऊ दिवसांनीं, १७ तारखेच्या रात्रीं, इटलींतील मिलान शहरीं ला स्काला नाट्यगृहांत जाकोमो पुच्चीनी या संगीतकाराच्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा पाश्चात्य भाऊबंद. फरक इतकाच कीं, त्यांत बहुतेक सर्व संवाद गाण्यांतच चालतो. या ऑपेराचें नांव 'मादामा बटरफ्लाय'. त्यांतील जपान असा होता: नागासाकीच्या टेकडीवर सरकत्या भिंतींचें एक लहानसें घर, पंधरा वर्षांची एक गेइशा, तिच्याशीं लग्न लावून तिला सोडून गेलेला अमेरिकन नौदलांतील अधिकारी, तीन वर्षें वाट पाहणें, आणि अखेर बापाच्या सुरीनें तिनें करून घेतलेला आत्मघात.

एकाच महिन्यांत जगापुढें उभे राहिलेले हे दोन जपान एकमेकांस ओळखीत नव्हते. त्यांपैकीं पहिला इतिहासाच्या पुस्तकांत गेला. दुसरा मात्र आजहि मोठमोठ्या नाट्यगृहांतून गात आहे, आणि अनेक सुशिक्षित माणसांना जपानची पहिली ओळख त्याच्याकडूनच होते. म्हणून हा दुसरा जपान कोणीं घडविला, कशाच्या आधारानें घडविला, आणि ज्यांचें तें चित्र त्यांना त्यांत कांहीं बोलावयास मिळालें कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

जपाननें दोनशेंहून अधिक वर्षें आपलीं दारें पाश्चात्यांना जवळजवळ बंद ठेविलीं होतीं. केवळ नागासाकीच्या बंदरांत डच व्यापाऱ्यांना एका लहानशा बेटावर राहण्याची मुभा होती. १८५३ सालीं अमेरिकन सेनानी पेरी आपल्या युद्धनौका घेऊन आला आणि पुढच्याच वर्षीं तह होऊन हीं दारें उघडलीं. त्यांतून प्रथम बाहेर पडल्या त्या वस्तु: रंगीत ठशांचीं चित्रें, पंखे, रेशीम, चिनी मातीचीं भांडीं. माणसांच्या आधीं वस्तु पॅरिसला पोंचल्या, आणि त्या वस्तूंवरून माणसांची कल्पना करण्याचा छंद तेथें लागला. १८७२ सालीं सेंट-सांस या फ्रेंच संगीतकारानें 'पिवळी राजकन्या' नांवाचा एक लहान ऑपेरा रचला. त्यांतील डच पंडित भिंतीवरच्या चित्रांतील जपानी सुंदरीच्या प्रेमांत पडतो, गुंगीचें औषध घेऊन जपानांत गेल्याचें स्वप्न पाहतो, आणि जागा होतांच आपलें खरें प्रेम घरांतल्याच मामेबहिणीवर आहे असें त्याला कळतें. त्या जपानी सुंदरीचें नांव 'मिंग' ठेविलें आहे. हें नांव चीनच्या एका राजघराण्याचें आहे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, किंवा आलें तरी कोणाला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. घराबाहेर न पडतां जपान पाहून येणारा हा पंडित पुढच्या अनेक लेखकांचा पूर्वज शोभतो.

प्रत्यक्ष जाऊन पाहणारेहि अर्थात् होते. त्यांत सर्वांत अधिक वाचला गेला तो पियेर लोती. हा फ्रेंच नौदलांतील अधिकारी. १८८५ सालच्या उन्हाळ्यांत त्याची नौका दुरुस्तीसाठीं नागासाकीस थांबली असतां त्यानें एका दलालामार्फत, दरमहा ठराविक रकमेच्या करारानें, एका तरुण मुलीशीं 'लग्न' केलें. महिनाभरानें नौका निघाली आणि लग्न संपलें. त्या अनुभवावर त्यानें लिहिलेली 'मादाम क्रिसान्थेम' ही कादंबरी १८८७ मध्यें प्रसिद्ध झाली. ती मुलगी त्याला बाहुलीसारखी वाटते. तिच्या कपाळामागें कांहीं विचार असेल कीं नाहीं, याची त्याला शंका आहे. शेवटच्या भेटीस तो अवचित परत येतो तेव्हां ती त्यानें दिलेलीं रुप्याचीं नाणीं लहानशा हातोडीनें वाजवून खरींखोटीं पारखीत बसलेली त्याला दिसते. लोतीनें एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगून टाकली आहे. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेंतच तो म्हणतो कीं, कथेंत मोठी भूमिका त्या बाईची दिसली तरी खरीं पात्रें तीन: मी, जपान, आणि त्या देशाचा माझ्यावर झालेला परिणाम. वाचकांनीं ही कबुली फारशी मनावर घेतली नाहीं. त्यांनीं पुस्तक वाचलें तें जपानचें वर्णन म्हणून.

फेलिक्स रेगामे या जपान पाहून आलेल्या फ्रेंच चित्रकाराला तें सहन झालें नाहीं. त्यानें १८९४ सालीं त्याच कथेंतील मुलीची रोजनिशी म्हणून एक लहानसें पुस्तक काढलें आणि तेच दिवस तिच्या बाजूनें सांगितले. तिलाहि मन होतें, हें सांगण्यासाठीं पुन्हां एका फ्रेंच गृहस्थालाच लेखणी घ्यावी लागली, आणि तें पुस्तक लवकरच विस्मरणांतहि गेलें.

लोतीचा साचा पुढें निराळ्या वाटेनें गेला. फिलाडेल्फिया येथील जॉन ल्यूथर लाँग हा वकील कधींहि जपानांत गेलेला नव्हता. त्याची बहीण एका मिशनऱ्याची पत्नी म्हणून नागासाकीस राहिली होती. तिच्याकडून ऐकलेल्या हकिकतीवर त्यानें १८९८ सालीं एका अमेरिकन मासिकांत 'मादाम बटरफ्लाय' ही कथा लिहिली. लोतीची नायिका पैसे मोजते, लाँगची नायिका दिवस मोजते. एक केवळ व्यवहारी बाहुली, तर दुसरी निव्वळ निष्ठेची पुतळी. तथापि लाँगच्या कथेंत ती मरत नाहीं. सुरी हातीं घेते, पण मूल आणि दासी तिला मागें ओढतात; आणि दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्याची अमेरिकन पत्नी मुलाला न्यावयास येते तेव्हां घर रिकामें असतें. १९०० सालीं न्यूयॉर्कच्या डेव्हिड बेलास्कोनें या कथेचें एकांकी नाटक केलें, तेव्हां प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावें म्हणून त्यानें तिला रंगभूमीवरच मारलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें पुच्चीनीनें तें नाटक पाहिलें. त्याला इंग्रजी फारसें कळत नव्हतें; पण वाट पाहणारी ती स्त्री, आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा काळ शब्दावांचून केवळ बदलत्या प्रकाशानें दाखविणारा तो प्रसंग, त्याच्या मनांतून गेला नाहीं. लोती महिनाभर राहिला, लाँगनें बहिणीकडून ऐकलें, बेलास्कोनें लाँगचें वाचलें, पुच्चीनीनें बेलास्कोचें पाहिलें. प्रत्येकानें आधींच्या चित्रावरून चित्र काढलें, आणि मूळ मुलगी प्रत्येक वेळीं एक पाऊल दूर गेली.

पुच्चीनीच्या बाजूनें मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. कथा त्यानें जशी आली तशी घेतली, पण संगीतासाठीं त्यानें विचारपूस केली. रोम येथील जपानी वकिलाची पत्नी ओयामाबाई हिला तो भेटला. तिनें त्याला आपल्या देशांतील गाणीं म्हणून दाखविलीं व स्वरलिपि मिळवून देण्याचें कबूल केलें. नाटकांतील 'यामादोरी' हें धनिकाचें नांव पुरुषाला शोभत नाहीं, असेंहि तिनें स्पष्ट सांगितलें. गाणीं त्यानें घेतलीं. नांव मात्र तसेंच राहिलें! १९०२ सालीं सादायाक्को ही जपानी नटी आपल्या मंडळींसह मिलानला आली, तेव्हां तिचा आवाज ऐकावयासहि तो गेला. या खटपटीमुळें त्याच्या ऑपेरांत अस्सल जपानी चाली आल्या. साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांचें, प्रसिद्ध गाणें त्यांत आहे. जपानचें राष्ट्रगीतहि आहे. पण तें ऐकूं येतें लग्न नोंदविण्यास आलेल्या सरकारी अंमलदाराच्या प्रसंगीं.

'मिया सामा' या चालीची कथा याहूनहि बोलकी आहे. १८६८ सालीं जपानांत शोगुनाची सत्ता उलथून सम्राटाची सत्ता पुन्हां स्थापन करणारें सैन्य कूच करीत चाललें, तेव्हांचें हें कवाइतीचें गाणें. राजपुत्राच्या घोड्यापुढें फडकणाऱ्या सम्राटाच्या जरीपटक्याचें त्यांत वर्णन आहे. जरीपटका हा शब्द मी मुद्दाम योजीत आहें, कारण त्या निशाणाचा अर्थच तो. हीच चाल पुच्चीनीनें धनिक यामादोरीच्या हास्यकारक आगमनाला लाविली. आपल्या एखाद्या पोवाड्याची चाल परक्या नाटकांत एखाद्या छबेल्या शेठजींच्या प्रवेशाला वाजली तर आपल्याला काय वाटेल, याची कल्पना करावी. पुच्चीनीचा हेतु वाईट नव्हता. चाल त्याच्या कानांत शिरली होती. ती कोणाची आणि कशासाठीं होती, हें मात्र चालीबरोबर आलें नाहीं.

संशोधनानें अलीकडे यांत आणखी भर घातली आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या एका संग्रहालयांत स्वित्झर्लंडमध्यें बनलेली एक जुनी संगीतपेटी आहे. किल्ली दिली कीं ती चिनी सुरावटी वाजविते. २०१२ सालीं अँथनी शेपर्ड या संगीत-अभ्यासकानें असें पुढें मांडलें कीं, खुद्द बटरफ्लायच्या मुखीं घातलेली एक मुख्य सुरावट या पेटींतील चिनी चालीशीं जुळते. शंभर वर्षें जी सुरावट जपानी म्हणून श्रोते ऐकत आले, ती चिनी निघाली. 'मिंग' नांवाच्या जपानी सुंदरीपासून आपण फार पुढें आलों, असें म्हणवत नाहीं.

याच 'मिया सामा'चा पश्चिमेंतील पहिला प्रवास त्याहून जुना आहे. १४ मार्च १८८५ रोजीं लंडनच्या सावॉय नाट्यगृहांत गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचा 'मिकाडो' रंगभूमीवर आला. लोती नागासाकीस उतरला तो त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत. लंडनच्या नाइट्सब्रिज भागांत त्या वेळीं जपानी कारागिरांचें एक 'गांव' प्रदर्शनासाठीं वसविलें होतें. तेथील जपानी माणसांनीं सावॉयच्या नटनटींना चालावें कसें, पंखा उघडावा कसा, हें शिकविलें. हावभाव आणि पोषाख यांविषयीं इतकी दक्षता. पण पात्रांचीं नांवें मात्र लहान मुलांच्या बोबड्या बोलीतलीं, आणि त्या जरीपटक्याच्या गाण्यावर प्रवेश करणारा सम्राट केवळ विनोदी. खरें पाहतां गिल्बर्टचा रोख इंग्लंडवर होता. इंग्रज अधिकारी, इंग्रज कायदा आणि इंग्रज ढोंग यांची थट्टा त्यानें किमोनो नेसवून केली. पहिल्याच खेपेस सलग ६७२ प्रयोग झाले.

पुढें काळ बदलला. १९०२ सालीं इंग्लंडनें जपानशीं मैत्रीचा तह केला, आणि १९०५ मध्यें त्सुशिमाच्या सागरी युद्धांत रशियाचें आरमार बुडालें. १९०७ सालीं जपानचा राजपुत्र फुशिमी लंडनला यावयाचा होता, तेव्हां इंग्रज अधिकाऱ्यानेंच 'मिकाडो'चा परवाना कांहीं आठवडे काढून घेतला. बाईसाहेबांच्या बंगल्यावर पाहुणे येणार म्हणून भिंतीवरचें व्यंगचित्र उतरवून ठेवावें, तसाच हा प्रकार. शेफील्ड शहरीं तरीहि झालेला एक प्रयोग सुगिमुरा नांवाच्या जपानी बातमीदारानें मुद्दाम जाऊन पाहिला. राष्ट्राचा अपमान शोधावयास गेलों, पण सांपडला तो विनोद आणि गोड संगीत, अशा अर्थाचें त्यानें लिहिलें. यांत दोन बोध आहेत. थट्टा सहन करण्याइतकी स्वतःविषयीं खात्री जपान्याला होती. आणि चित्राविषयीं त्याचें मत काय, हें विचारण्याची बुद्धि लंडनला सुचली ती जपानच्या तोफा ऐकूं आल्यावर.

तर मग परक्यानें परक्याविषयीं लिहूंच नये कीं काय? माझें मत तसें नाहीं, आणि त्यासाठीं लाफ्कादिओ हर्नचें उदाहरण पुरेसें आहे. ग्रीसच्या बेटावर जन्मलेला, बाप आयरिश, एका डोळ्यानें अंध, अमेरिकेंत वृत्तपत्रांवर पोट भरणारा हा गृहस्थ १८९० सालीं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, जपानांत आला. मात्सुए या लहान गांवीं तो इंग्रजीचा शिक्षक झाला. तेथें कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यांतील मुलीशीं त्यानें संसार थाटला, १८९६ सालीं तो जपानचा नागरिक झाला आणि कोइझुमी याकुमो हें नांव त्यानें घेतलें. लोतीहि नागासाकीस 'लग्न' करून राहिला होता. तो सुटला महिन्यानें. हर्न राहिला चौदा वर्षें, मरेपर्यंत.

जपानी ग्रंथ वाचण्याइतकी भाषा हर्नला कधींच आली नाहीं. नवराबायकोची मोडक्या जपानीची एक घरगुती बोलीच तयार झाली होती. रात्रीं सेत्सुबाईनें जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगाव्या आणि हर्ननें ऐकाव्या. ती पुस्तकांतून वाचूं लागली कीं तो थांबवी. पुस्तक नको, तुझ्या शब्दांत, तुला वाटतें तसें सांग, असा त्याचा हट्ट. तीच कथा तो पुन्हां पुन्हां सांगावयास लावी. या बैठकींतून १९०४ सालीं 'क्वाइदान' हें पुस्तक निघालें. म्हणजे ज्या वर्षीं मिलानमध्यें बटरफ्लाय प्रथम गायिली, त्याच वर्षीं एका खऱ्या जपानी बाईनें आपल्या नवऱ्याला सांगितलेल्या कथा इंग्रजींत छापल्या गेल्या. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें तो नवरा तोक्योंत वारला. पुढें त्या कथा जपानींत भाषांतरित होऊन जपानी मुलांच्या वाचनांत आल्या. चित्र ज्याचें त्यानेंच तें घरांत लावावें, यापेक्षां मोठें प्रमाणपत्र कोणतें?

हर्नचा दोषहि झांकूं नये. त्याचा जीव जुन्या जपानावर होता. कारखाने, पलटणी, पाश्चात्य पोषाखांतले अंमलदार यांचा त्याला कंटाळा येई. पोर्ट आर्थरचा हल्ला ज्या जपाननें केला तो जपान त्याच्या भूतकथांवरून समजणार नाहीं. पण जें त्यानें सांगितलें तें ऐकून सांगितलें, आणि कोणाकडून ऐकलें तें त्याच्या घरांत सर्वांना ठाऊक होतें.

बटरफ्लायच्या ऑपेरालाहि पुढें एक जपानी आवाज लाभला. मिलानचा पहिला प्रयोग हुर्योंत बुडाला होता. पुच्चीनीनें तो मागें घेऊन दुरुस्त केला आणि मे महिन्यांत ब्रेशिया येथें तो यशस्वी झाला. जपानी लोकांविषयीं अमेरिकन अधिकाऱ्याच्या तोंडीं घातलेलीं कांहीं तुच्छतेचीं वाक्यें पुढील आवृत्त्यांत गळलीं. १९१५ सालीं मिउरा तामाकी ही तोक्योंत शिकलेली गायिका लंडनमध्यें ही भूमिका करूं लागली, आणि नंतर अमेरिका व युरोप येथें तिचें नांव या भूमिकेशीं कायमचें जोडलें गेलें. १९२० सालीं ती इटलींत खुद्द पुच्चीनीला भेटली. इटालियन शब्द, अमेरिकन गोष्ट, पण चाल, बैठक आणि नमस्कार जपानी. तामाकीबाईनें साचा मोडला नाहीं. मात्र बाहुलीच्या जागीं एक माणूस उभें केलें. त्या साच्याचें बंधन किती होतें, हें युद्धानें दाखविलें. १९४१ च्या अखेरीस जपान व अमेरिका यांचें युद्ध जुंपतांच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानें 'बटरफ्लाय' बाजूला ठेविला, तो १९४६ च्या जानेवारीपर्यंत. शत्रुराष्ट्रांतील स्त्रीसाठीं अश्रु ढाळणें आणि आपल्याच नौदलाचा अधिकारी कृतघ्न पाहणें, या दोन्ही गोष्टी तेव्हां गैरसोयीच्या होत्या. मध्यंतरीं, ९ ऑगस्ट १९४५ रोजीं, बटरफ्लायच्या नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. आज त्या शहरांतील ग्लोव्हर उद्यानांत तामाकीबाईचा पुतळा उभा आहे, आणि पुच्चीनीचाहि.

त्यानंतरच्या काळांत पश्चिमेनें दुसरी रीतहि शोधली. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटननें १९५६ सालीं तोक्योंत 'सुमिदागावा' हें नो पद्धतीचें प्राचीन नाटक पाहिलें. हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईची ती कथा. ब्रिटननें जपान रंगभूमीवर आणला नाहीं. ती कथा इंग्लंडच्या नदीकांठीं नेली, आणि १९६४ मध्यें एका चर्चमध्यें 'कर्ल्यू रिव्हर' या नांवानें सादर केली. पंखे नाहींत, किमोनो नाहींत. घेतली ती नो नाटकाची संथ गति आणि संयम. आणि १९५४ सालीं नागासाकींतच जन्मून पांचव्या वर्षीं इंग्लंडला गेलेल्या काझुओ इशिगुरो यानें १९८२ च्या आपल्या पहिल्या कादंबरींत युद्धोत्तर नागासाकीची हकिकत एका जपानी स्त्रीच्याच तोंडून इंग्रजींत सांगविली. तो जपान आपण बराचसा मनांत रचला होता, असें तो स्वतःच मोकळेपणानें सांगतो. लोतीच्या कबुलीसारखीच ही कबुली आहे, पण येथें लेखक त्या स्त्रीच्या बाजूला बसला आहे.

श्रोतेहो, हा विषय आपल्याला परका नाहीं. १८८३ सालीं पॅरिसमध्यें देलीब या संगीतकाराचा 'लाक्मे' हा ऑपेरा आला. त्यांतील नायिका एका ब्राह्मण पुरोहिताची कन्या. इंग्रज अधिकाऱ्यावर तिचें प्रेम बसतें, आणि तो आपल्या पलटणींत परत जाणार हें दिसतांच ती धोत्र्याचें पान खाऊन मरते. त्यामागें लोतीच्याच ताहिती बेटावरील एका जुन्या कादंबरीची छाया असल्याचें मानलें जातें. ताहिती, हिंदुस्थान, जपान: बेट बदललें, फूल बदललें, मरणारी तीच. म्हणून जपानी मनुष्याला बटरफ्लाय पाहून काय वाटत असेल, हें आपल्याला कळावयास फार कष्ट पडूं नयेत.

पण आपणहि निर्दोष नाहीं. १८९३ पासून मुंबई आणि जपान यांच्यामध्यें जपानी आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. कापसाच्या गांठी सरळ तिकडे जात. जपानविषयींची आपली कल्पना मात्र इंग्रजी पुस्तकांतून, लंडनवरून येई. १९०५ च्या विजयानें आपल्याकडील वृत्तपत्रें हर्षभरित झालीं, आणि आपण बाहुलीच्या जागीं वीराची मूर्ति बसविली. त्याच वीरानें १९१० सालीं कोरिया गिळला, तिकडे आपलें फारसें लक्ष गेलें नाहीं. १९१६ सालीं रवींद्रनाथांनीं जपानांत जाऊन तेथील राष्ट्राभिमानाला धोक्याची सूचना दिली, ती तेथें फारशी रुचली नाहीं. आपल्या गरजेपुरता जपान आपणहि रंगविलाच होता.

'मादामा बटरफ्लाय' ऐकूं नये, असें मी म्हणणार नाहीं. तें संगीत सुंदर आहे, आणि त्या एकाकी स्त्रीचें दुःख खोटें नाहीं. पण पुढल्या वेळीं आपल्या घरीं तें लागेल, आणि धनिक यामादोरी थाटानें प्रवेश करील, तेव्हां त्याच्या मागें वाजणाऱ्या त्या चालीकडे कान द्यावा. ती एका सैन्याची चाल आहे. १८६८ सालीं ती गात माणसें जरीपटक्यामागून चाललीं होतीं. एवढें आठवलें तरी त्या टेकडीवरच्या कागदी घरामागें एक खरा देश दिसूं लागेल.